सव्वीस नळ्यांचा पंचनामा

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आमच्या फाटकावरच्या पाटीवर जो टॉवेल दिसतो, तो वाळत घातलेला नाही. चिंचवेल गावात त्याबद्दल नाही नाही ते बोललं जातं, म्हणून सांगितलं. टॉवेलाखालची पाटी पितळी आहे, शिर्डीहून करून आणलेली आहे आणि तिच्यावर 'डॉ. रविराज दरंदले' असं कोरलेलं आहे. यातलं 'रविराज दरंदले' एवढं खरं. 'डॉ.' व्हायचं बाकी आहे.

सहा वर्षांपूर्वी मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि माझे मेहुणे आप्पासाहेब यांनी आठ दिवसांत पाटी आणून चार स्क्रूंनी फाटकावर पिळलीसुद्धा. मी म्हटलं, "अहो, आत्ताशी फॉर्म भरलाय." तर म्हणाले, "दाजी, लग्नाची पत्रिका कधी छापतात? लग्न झाल्यावर?" मेहुण्यांपुढे माझं एरवीही काही चालत नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या रंगुबाई गुडघा घेऊन आल्या. "डागदर, ह्यो लई ठणकतोय." मी कॉलेजात खेळ शिकवतो, शिट्टी वाजवतो, मैदानावर फक्की मारतो. मी गुडघ्याचा डॉक्टर नाही आणि पीएच.डी. झाल्यावरही होणार नाही, हे मी त्यांना पंधरा मिनिटं समजावलं. त्या म्हणाल्या, "मंग नुसतं दाबून तरी बघा की." त्या संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतीने, म्हणजे स्नेहलने, पाटीवर टॉवेल टाकला. तेव्हापासून ती दर रविवारी तो धुते आणि वाळला की परत टाकते. सहा वर्षांत तीन टॉवेल विरले.

तर या जानेवारीत पुण्याहून गाईड मॅडमचा फोन आला. "दरंदले, एकतीस मार्चपर्यंत तुमच्या नमुन्यांचे आकडे आले नाहीत तर नोंदणी रद्द. मी आता काही करू शकत नाही." फोन ठेवला आणि मी पहिल्यांदा त्या चार स्क्रूंकडे बघितलं. काढायला पाच मिनिटं लागली असती. पण काढायचे भर रस्त्यावर, अख्ख्या गावादेखत, आणि बहुधा आप्पासाहेबांनी पेचकस धरलेला. मला रडूच यायचं बाकी होतं.

आता माझा विषय सांगतो, हसू नका. 'स्पर्धात्मक बीच व्हॉलीबॉलमधील शारीरिक मागण्या आणि संप्रेरकांचे प्रतिसाद.' मॅडम म्हणाल्या होत्या, जिल्ह्यात कोणी केला नसेल असा विषय घ्या. मी घेतला. जिल्ह्यात तो कोणी का केला नसेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही आणि विषय मंजूर करणाऱ्या कमिटीतल्या सहा विद्वानांच्याही आला नाही. समुद्र आमच्यापासून दोनशे किलोमीटरवर, मध्ये अख्खा सह्याद्री आडवा.

विषय तसा सोपा आहे. माणूस चुरशीने खेळला की अंगात जोशाची आणि ताणाची संप्रेरकं वरखाली होतात. ती लाळेत उतरतात. म्हणून खेळाआधी एकदा आणि खेळानंतर एकदा, खेळाडूने एका छोट्या नळीत थुंकायचं. नळ्या बर्फात ठेवून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायच्या. बारा खेळाडू, चोवीस नळ्या. शिवाय तुलनेसाठी एक न खेळणारा, शांत बसलेला माणूस लागतो. तो मी. एकूण सव्वीस.

आधी वाळूचं बघा. मैदान सोळा मीटर बाय आठ, हातभर खोल. हिशोब केला तर अठरा ब्रास वाळू. आमच्या भागात अठरा ब्रास वाळू मागणं म्हणजे चौकात उभं राहून बंदूक मागण्यासारखं आहे. मी नुसतं किराणा दुकानात विचारलं, तर दुकानदाराने शटर अर्धं ओढलं. शेवटी आमचे शेजारी खाजाभाई, ज्यांचा ट्रॅक्टर आहे, त्यांनी तोडगा काढला.

"सर, वाळू घरी आनली तर चोरी. आपून वाळूकडं गेलो तर सहल. प्रवरामाय उगं पसरलीय समोर, तिच्यातच खेळा की. मी सकाळी फळी मारून सपाट करून देतो."

इतकं साधं उत्तर सहा वर्षांत मला सुचलं नव्हतं. शिक्षणाने माणसाचं काय होतं बघा.

मग संमतिपत्र. प्रत्येक खेळाडूची लेखी संमती लागते. इंग्रजी मजकूर होता, मी रात्र न् दिवस एक करून त्याचं मराठी केलं. त्यात एक वाक्य होतं: 'मी स्वखुशीने माझी लाळ देत असून यापुढे तिच्यावर माझा कोणताही हक्क राहणार नाही.' झालं! आमच्याकडे माणूस पोराच्या प्रगतिपुस्तकावर सही करतानासुद्धा जमिनीचा गट नंबर शोधतो. कानिफनाथ हा आमचा सगळ्यात तगडा खेळाडू. त्याच्या आईने, कडूबाईंनी, तो कागद शेजारच्या पोरीकडून वाचून घेतला आणि तरातरा आमच्या फाटकाशी आल्या.

"मास्तर, हक्कसोड लिहून घेताय व्हय पोराकडून? आमच्या नणंदांनी अशीच सही मारली हुती. आज थुकीवरचा हक्क सोडला, उद्या हिरीवरचा सोडाया लावचाल!"

"कडूबाई, थुंकी ती! तिचं मी काय करणार?"

"त्येच म्हन्ते मी. काय करनार तुमी तिचं?"

दोन दिवसांत बाराच्या बारा खेळाडूंनी माघार घेतली. मग मी वाक्य बदललं: 'लाळेवरील संपूर्ण हक्क खेळाडूकडेच अबाधित राहील.' खाली माझी सही, कॉलेजचा शिक्का. सगळे खूश. कानिफनाथने तर वर दोन साक्षीदारही घातले. हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुढे माझ्या उरावर बसणार आहे.

राहिली चुरस. मॅडमनी बजावलं होतं, "नुसतं हसतखेळत नको, खरी स्पर्धा हवी, जीव तोडून खेळले पाहिजेत." मी प्रमाणपत्र आणि ढाल ठेवतो म्हटलं, तर कानिफनाथ म्हणाला, "सर, ढाल काय शिजवायची हाय का?" म्हणून पहिलं बक्षीस बोकड ठेवला. मी, स्वतः माळकरी घराण्यातला माणूस, शास्त्रासाठी बाजारातून बोकड दोरीने ओढत आणला. तो आमच्या अंगणात चार दिवस होता. स्नेहल एवढंच म्हणाली, "पुढच्या संशोधनाला काय लागणार हो? घोडा?"

मार्चमधल्या शनिवारी सकाळी सहाला आम्ही नदीपात्रात. खाजाभाईंनी फळी मारली, दोन खांब रोवले, जाळी ताणली, निळ्या दोऱ्यांनी हद्द आखली. बोकड खांबाला बांधला. मी खुर्ची टाकून बसलो, कारण मी शांत बसलेला माणूस होतो.

पहिली नळी पुढे केली तर कोणी थुंकेना. तीच माणसं, जी एरवी चालत्या मोटारसायकलवरून पंधरा फुटांवरचा दगड टिपतात! नळी हातात आली की लाजायला लागली. कानिफनाथचा जोडीदार अमीर म्हणाला, "सर, तुमी आधी करून दाखवा." दाखवलं. बारा जणांसमोर, एका बोकडासमोर, एका प्राध्यापकाने नळीत थुंकून दाखवलं. माझा नंबर पंचवीस. मग सगळ्यांचं झालं. तासभर आधी तंबाखू खायची नाही असं चार वेळा सांगूनही कानिफनाथची नळी विटकरी आली. "सर, तासाभरापूर्वीच खाल्लीय, पन ती मुरल्याली आसती," म्हणाला.

नळ्यांवर नावं लिहायची नसतात, गुप्तता असते, फक्त आकडे. कोणता आकडा कोणाचा, ती यादी एका कागदावर माझ्या खिशात.

खेळ मात्र काय झाला हो! वाळूत व्हॉलीबॉल म्हणजे थट्टा नव्हे. उडी मारली की माणूस वर जायच्या आधी खाली जातो. पहिल्या दहा मिनिटांत दोघांच्या पोटऱ्यांत गोळे आले. शंभर किलोची पोती पाठीवर नेणारा कानिफनाथ चार पावलं पळून तोंड उघडून उभा राहिला. आणि बोकड मध्येच ओरडला की सगळ्यांच्या अंगात पुन्हा वारं शिरायचं. जोडी हरली की मी तिला बाजूला घेऊन नळ्या भरून घेत होतो. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी ठरल्यासारखं चाललं होतं. मला त्या चार स्क्रूंवरची धूळसुद्धा आवडायला लागली होती.

अंतिम सामना. कानिफनाथ-अमीर विरुद्ध पार्थ आणि त्याचा जोडीदार. वीस-वीस. दोन्ही काठांवर माणसं उभी. आणि त्याच वेळी मोटारसायकलवरून सर्कल आबासाहेब आले, म्हणजे महसूल खात्याचे मंडळ अधिकारी, मागे कोतवाल. त्यांना कोणीतरी फोन केला होता की नदीत वाळू उपसा सुरू आहे.

"काय चाललंय?"

"संशोधन," मी म्हणालो.

"ट्रॅक्टर हाय, फावडी हायेत, दोऱ्या लावून हद्द आखलीय, चौदा मानसं सकाळपासून घामाघूम हायेत. आन् संशोधन?"

"साहेब, बीच व्हॉलीबॉल आहे. समुद्रकिनाऱ्यावर खेळतात तो."

आबासाहेबांनी सावकाश डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "समुद्र कुठंय?"

सहा वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारला.

त्यांनी कानिफनाथला खिसे उलटे करायला लावले. तो दहा वेळा वाळूत लोळला होता, त्यामुळे खिशातून वाळू पडली. "लिव्हा," ते कोतवालाला म्हणाले, "अंगझडतीत वाळू मिळून आली, अंदाजे दोन मुठी." खाजाभाई कपाळावर हात मारून ट्रॅक्टरच्या चाकाशी बसले. ट्रॅक्टर जप्त. मी मात्र घड्याळ बघत होतो, कारण सामना थांबल्यापासून दहा मिनिटांत नमुने घ्यायचे असतात. मी चौघांच्या तोंडाला नळ्या लावल्या. भीतीने त्यांची तोंडं कोरडी पडलेली. चौघं साहेबांसमोर ओळीने उभे राहून थुंकी गोळा करायचा प्रयत्न करताहेत, असा तो देखावा होता. साहेबांना वाटलं, आपला अपमान चाललाय. "ह्ये बी लिव्हा," ते म्हणाले.

नळ्या कशाबशा भरल्या, तेवढ्यात काठावरून कडूबाई ओरडल्या, "आरं, आवर्तन सुटलंय! पानी आलं, पानी!"

धरणाचं आवर्तन त्या दिवशी सुटणार, हे पेपरात आलं होतं म्हणे. मी पेपरात फक्त क्रीडापान वाचतो. वळणावरून पाण्याची एक चकचकीत पट्टी आली, बघता बघता घोट्याला लागली. जाळी राहिली, खुर्ची राहिली, साहेबांची मोटारसायकल आडवी झाली. खाजाभाईंनी ट्रॅक्टर चालू केला आणि सगळे ट्रॉलीत चढले. जप्त ट्रॅक्टरवर जप्त करणारे साहेब, चौदा आरोपी, नळ्यांचा थर्माकोलचा डबा आणि माझ्या मांडीवर बोकड.

आणि तेव्हा मला आठवलं की सव्वीस नंबर राहिला. शांत बसलेल्या माणसाचा दुसरा नमुना! ट्रॉली हेलकावे खातेय, पाणी चाकाला लागलंय, बोकड लाथा मारतोय, साहेब "कलम लावतो, कलम लावतो" म्हणताहेत, अशा परिस्थितीत मी नळीत थुंकलो. शास्त्र म्हणजे शास्त्र. झाकण लावून मान वर केली तर बोकड शांतपणे काहीतरी चघळत होता. खिशात हात घातला. यादी नव्हती.

काठावर आल्यावर साहेबांची अडचण झाली. पंचनाम्याची जागा पाण्याखाली. खिशातली दोन मुठी वाळू वाहून गेलेली. ट्रॅक्टर जप्त दाखवावा तर त्याच्यावर बसून ते स्वतः आलेले, दोन्ही काठांनी मोबाईलवर शूटिंग केलेलं. ते बराच वेळ डोकं खाजवत होते.

"सर, पंचनाम्याला काहीतरी मुद्देमाल लागतो," ते शेवटी जवळजवळ प्रेमाने म्हणाले आणि त्यांनी डबा उचलला. 'सव्वीस लहान नळ्या, आत संशयास्पद द्रव, पैकी एक विटकरी.'

मी अक्षरशः हात जोडले. "साहेब, ते खराब होतं. बर्फात ठेवावं लागतं. त्याच्यावर माझी सहा वर्षं आहेत."

"मुद्देमाल थंड ठेवायची तरतूद न्हाई."

मग शनिवार, रविवार मी दर चार तासांनी मासळीवाल्याकडून बर्फ घेऊन कचेरीत जात होतो. शिपाई सील फोडायचा, मी बर्फ भरायचो, तो परत सील करायचा आणि रजिस्टरात लिहायचा, 'मुद्देमालास बर्फ दिला.' खाली माझी सही. रविवारी दुपारी त्याने मला पाणी दिलं आणि आपुलकीने विचारलं, "कशी हाय आता तब्येत त्यांची?" गावात तोवर बातमी पसरली होती की दरंदले सर थुंकी चोरताना नदीत सापडले. आप्पासाहेबांचा फोन आला. "दाजी, पाटीचं काय करू? एकतीसला मी सुट्टीच टाकतो." पेचकस घेऊन येतो असं ते म्हणाले नाहीत, पण मला ऐकू आलं.

सोमवारी मी सुटकेचा अर्ज दिला. आबासाहेबांनी माझंच संमतिपत्र काढलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "'लाळेवरील संपूर्ण हक्क खेळाडूकडेच अबाधित राहील.' सही तुमची. शिक्का कॉलेजचा. म्हंजी ह्यो माल तुमचा न्हाईच. ज्याचा त्याने यावं, वळखून न्यावं."

बारा जण कचेरीत आले. कडूबाईही आल्या, हक्काचा प्रश्न होता. कानिफनाथने विटकरी नळी लांबूनच ओळखली. "ही आपली!" बाकीच्या नळ्या पाण्यासारख्या, सगळ्या एकसारख्या. एकेक जण उजेडात धरून बघत होता. पार्थ आणि अमीर एकाच नळीवरून हमरीतुमरीवर आले. "फेस बघ, फेस! आसा फेस आमच्या घरात कुनाचाच न्हाई!" शेवटी ज्याला ज्या दोन पटल्या त्या त्याने घेतल्या, सही केली आणि बाहेर येऊन माझ्या डब्यात टाकल्या. पंचवीस आणि सव्वीस तेवढे माझे, ते मात्र शंभर टक्के माझेच होते. त्याच दुपारी मी डबा घेऊन पुण्याची एसटी पकडली. डब्याला मासळीचा वास मारत होता. शिरूरपर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

तीस मार्चला सकाळी प्रयोगशाळेचा फोन आला. मी अंघोळीला होतो, स्नेहलने उचलला. तिकडून एक मुलगी घाबऱ्या आवाजात विचारत होती, "सव्वीस नंबरचे पेशंट कुठे अॅडमिट आहेत?"

मग मॅडमचा फोन. खेळाडूंचे आकडे कोणाचे ते कळत नसल्यामुळे बाद. शिवाय साहेबांसमोर भरलेल्या असाव्यात अशा चार नळ्या सोडल्या तर कुठेच फारसा ताण नाही. बोकडासाठी खेळणारी माणसं, त्यांना कसला ताण! "पण दरंदले," मॅडम म्हणाल्या, "हा सव्वीस नंबर. ताणाच्या संप्रेरकाचा असा आकडा मी आजवर कागदावर बघितलेला नाही. हा माणूस नक्की काय खेळत होता?"

"काही नाही, मॅडम. तो शांत बसला होता."

मॅडमनी तो आकडा पुन्हा एकदा मोठ्याने वाचला. मग म्हणाल्या, विषय बदलू, 'स्पर्धा भरवणाऱ्या व्यक्तीवरील ताण.' एकच व्यक्ती, पण वर्षभर अभ्यास. त्या कमिटीकडून एक वर्षाची मुदत मिळवून देणार होत्या. मी दर दोन महिन्यांनी एक स्पर्धा भरवायची, आधी आणि नंतर थुंकायचं. बोकड तोच ठेवायचा, म्हणजे तुलना करता येईल. नाहीतरी वीस-वीसवर तो कोणाचाच झाला नव्हता.

मी अंगणात येऊन हे स्नेहलला सांगितलं. आनंद करावा की बोकडाच्या शेजारी जाऊन बसावं, मला कळत नव्हतं. तिच्या हातात मोबाईल होता. प्रयोगशाळेने रिपोर्ट पाठवला होता आणि सव्वीस नंबरच्या पुढचा आकडा ती पुन्हा पुन्हा बघत होती.

"हे सगळं तुमच्या आत होतं?" ती म्हणाली. "सहा वर्षं? आणि मी विचारलं की म्हणायचात, चाललंय बरं."

मी म्हटलं, "चाललंच होतं की."

ती उठली, फाटकाशी गेली आणि पाटीवरचा टॉवेल काढला. सहा वर्षांत पितळ जरासुद्धा काळं पडलं नव्हतं. तेवढ्यात पलीकडून रंगुबाई गुडघा धरत आल्या. पाटी बघितली, मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"झालासा का मास्तर, डागदर?"

"नाही, रंगुबाई. अजून एक वर्ष."

"मंग टावेल का काढला?"

मी स्नेहलकडे बघितलं. आज रविवार नव्हता.

"धुवायला टाकायचाय," ती म्हणाली. टॉवेलाने तिने आधी पाटी पुसली, मग माझं तोंड पुसलं आणि तो खांद्यावर टाकून आत गेली. "वाळेपर्यंत राहू दे तसंच. आणि त्यांचा गुडघा जरा दाबून बघा."

मी बघितला.